थरथरणारे सेन्सर, एक्सोस्केलेटन आणि दुखरे खांदे: रुग्णालयाने काय घ्यावं, कसं वापरावं

प्रश्न असा आहे: आमच्या रुग्णालयात सोनोग्राफी, ऑपरेशन थिएटर आणि प्रयोगशाळा मिळून साठेक जण काम करतात. निम्म्यांना तरी मान, खांदा किंवा मनगट दुखण्याची तक्रार आहे. शरीर चुकीच्या स्थितीत गेलं की थरथरून इशारा देणारे सेन्सर सगळ्यांसाठी घ्यायला व्यवस्थापन तयार आहे. काही सर्जन एक्सोस्केलेटनबद्दल, म्हणजे हाताला किंवा शरीराला आधार देणाऱ्या अंगावर घालायच्या सांगाड्यांबद्दल, विचारत आहेत. यातलं काय घ्यावं? त्याने दुखणं खरंच थांबतं का? आमची एक सोनोग्राफर रात्री हात बधिर होऊन जागी होते, तिला आधी सेन्सर लावावा का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अगदी वेगळं आहे, म्हणून ते शेवटी देते. बाकीच्यांचं थोडक्यात उत्तर हे: सेन्सर घ्या, पण साठ नव्हे, सहा ते आठ संच. ते आळीपाळीने दोन-दोन आठवडे वापरा, आणि कामाची मांडणी मोजायला वापरा. इशाऱ्याची थरथर बंद ठेवा. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि बरीच वर्षं फक्त रुग्णालयांत काम करणाऱ्यांचीच दुखणी पाहते. हा सल्ला एका चुकीतून आला आहे, ती पुढे सांगते.

आधी दुखणं येतं कुठून ते पाहू, कारण कोणतं उपकरण कामाचं हे त्यावरच ठरतं.

सोनोग्राफर प्रोब (रुग्णाच्या अंगावर फिरवायचं सोनोग्राफीचं साधन) धरून हात बाजूला लांबवते तेव्हा ती फार काही उचलत नसते. पण एका हाताचं वजन शरीराच्या साधारण ५ टक्के असतं. म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीच्या खांद्याला ३ किलो तोलून धरायचे असतात, शिवाय प्रोब पोटावर दाबायचा असतो. १९६० मध्ये रोमर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने मांडलं होतं की स्नायूच्या कमाल ताकदीच्या १५ टक्क्यांपर्यंतचा स्थिर भार माणूस जवळपास हवा तितका वेळ पेलू शकतो. पुढे हे चुकीचं ठरलं. १९७८ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट योन्सन यांनी दिवसभराच्या कामासाठी खूपच कडक मर्यादा सुचवल्या: सतत राहणारा भार कमाल ताकदीच्या २ टक्क्यांच्या वर जाऊ नये, ५ टक्के तर ओलांडूच नये. २ टक्के म्हणजे जवळजवळ काहीच नाही. खांदे किंचित उचलून बसलं तरी मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला ट्रॅपिझियस स्नायू तेवढं काम करतो.

इतक्या थोड्या भाराने इजा का व्हावी? १९९१ मध्ये संशोधक हेग यांनी मांडलेली कल्पना मला अजूनही सगळ्यांत पटते. स्नायू कामाला लागला की त्यातले लहान तंतू सर्वांत आधी जागे होतात आणि स्नायू पूर्ण सैल होईपर्यंत तेच सर्वांत शेवटी सुटतात. हलक्या पण अखंड कामात मोठ्या तंतूंची पाळीच येत नाही. हेच थोडे तंतू तासन्‌तास राबतात. नॉर्वेमध्ये व्हायरस्टेड आणि सहकाऱ्यांनी चॉकलेट पॅक करणाऱ्या कामगारांच्या ट्रॅपिझियसचे विद्युत संकेत मोजले. ज्यांच्या नोंदीत अगदी छोटे विसावे, सेकंदाच्या एक-पंचमांशाइतकेही, कमी होते, त्यांना पुढे मानदुखी होण्याची शक्यता जास्त दिसली.

म्हणून माझं लक्ष सर्वांत वाईट कोनापेक्षा स्नायूला किती वेळा आणि किती वेळ सुटका मिळते याकडे जास्त असतं. बाजारातले बहुतेक थरथरणारे सेन्सर नेमकं उलटं करतात. दंड ६० अंशांच्या वर गेला की ते इशारा देतात. पण दंड ३५ अंशांवर पंचवीस मिनिटं गोठून राहिला तर गप्प बसतात. सोनोग्राफी, लॅप्रोस्कोपी (दुर्बिणीतून केलेली शस्त्रक्रिया), दातांचं काम, मायक्रोस्कोप, या सगळ्यांतली दुखणी बहुतेक या गप्प राहिलेल्या पंचवीस मिनिटांत तयार होतात.

तुमच्याकडचं प्रमाण पाहून घाबरू नका, पण ते हलक्यातही घेऊ नका. अमेरिकेतल्या सोनोग्राफरांच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९० टक्के जणांनी कामाशी निगडित दुखणं नोंदवलं होतं. लॅप्रोस्कोपी करणाऱ्या ३१७ सर्जनांच्या २०१० मधल्या पाहणीत हा आकडा ८७ टक्के होता. अशा पाहण्यांना दुखणारी माणसं जास्त उत्तरं देतात, त्यामुळे आकडे थोडे फुगलेले असू शकतात. तरीही तुमचे निम्मे लोक म्हणजे कुणी नाजूक माणसं नव्हेत, हे व्यवस्थापनाला नक्की सांगा.

आता माझी चूक. पहिल्यांदा मला असे सेन्सर मिळाले तेव्हा मी मोठ्या आशेने एका सोनोग्राफी विभागात ते सगळ्यांच्या दंडाला लावले, मर्यादा ३० अंशांवर ठेवली आणि थरथर चालू ठेवली. पहिल्या दिवशी सगळ्या सावध होत्या, हात खाली ठेवत होत्या. तिसऱ्या दिवशी एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "पेशंट जाड आहे, यकृताचा वरचा भाग दिसत नाहीये आणि हे सारखं थरथरतंय. मी हात खाली घेऊ की गाठ शोधू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला पर्यायच नसताना मी तिला दर मिनिटाला आठवण करून देत होते की तू चुकते आहेस. आठवड्याच्या आत सगळ्यांनी सेन्सर काढून ठेवले आणि त्यांचं बरोबरच होतं.

प्रयोगांत थरथर चालू असेपर्यंत हात वर धरण्याचा वेळ कमी होतो हे अनेकदा दिसलं आहे. पण त्यामुळे दुखणं महिनोन्‌महिने दूर राहतं, याचा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही. ऑपरेशन चालू असताना तर थरथर मला मान्यच नाही. सुईने बारीक टाका घालणाऱ्याच्या दंडावर अचानक काही थरथरलं तर धोका रुग्णाला आहे. शिकणाऱ्यांसाठी मात्र तिचा उपयोग होतो. नव्या सोनोग्राफरला किंवा लॅप्रोस्कोपीच्या सराव-पेटीवर सराव करणाऱ्या निवासी डॉक्टरला पहिले काही तास ही थरथर खूप शिकवून जाते, कारण तिथे रुग्ण नसतो आणि सवय अजून पडायची असते.

सेन्सर कोणते, हे आता नेमकं सांगते. तुमचं मुख्य काम आयएमयू जातीच्या सेन्सरवर होईल. नाण्याहून थोड्या मोठ्या या डबीत प्रवेगमापक आणि जायरोस्कोप असतो, बहुतेकांत चुंबकीय क्षेत्र मोजणारा भागही असतो. यावरून अवयव किती कललेला आहे आणि किती वेगाने हलतो आहे ते कळतं. विकत घेण्याआधी चार गोष्टी तपासा.

मानेसाठी एक सेन्सर पुरत नाही. फक्त डोक्यावर लावलेला सेन्सर डोकं जमिनीच्या संदर्भात किती कललं आहे ते सांगतो. सर्जन कमरेतून वाकला असेल तर डोकं कललेलं दिसेल पण मान सरळ असेल. दुसरा सेन्सर मानेच्या तळाशी, पाठीच्या वरच्या मणक्यावर लागतो आणि दोघांतला फरक म्हणजे मानेचा वाक. पोश्चर सुधारक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाठीवरच्या एकट्या डबीला हे कळूच शकत नाही.

चुंबकीय मापन बंद करता येतं का, ते विचारा. ऑपरेशन टेबल, लोखंडी पलंग, मोठी यंत्रं यांच्याजवळ त्याची दिशा भरकटते. उभ्या रेषेपासूनचा कल मोजायला त्याची गरजही नसते. एमआरआयच्या खोलीत तर हे सेन्सर न्यायचेच नाहीत.

तिसरी गोष्ट संसर्ग-नियंत्रणाची, आणि इथे बऱ्याच खरेद्या वाया जातात. इंग्लंडच्या आरोग्यसेवेने २००७ मध्ये कोपराखाली काहीही न घालण्याचं धोरण जाहीर केलं, आणि हा दंडक आता जगभर बऱ्याच रुग्णालयांत पाळला जातो. त्यामुळे रुग्णाला हात लावताना मनगटावरचं घड्याळ किंवा पट्टा चालत नाही. सेन्सर दंडाच्या बाहेरच्या बाजूला स्क्रबच्या बाहीखाली, टोपीच्या आत, छातीच्या हाडावर आणि मानेच्या तळाशी लावा. तो पुसून निर्जंतुक करता यायला हवा आणि चिकटपट्टी एकदाच वापरून टाकायची असावी. मनगट मोजायचंच असेल तर ते प्रयोगशाळेत किंवा बाहुलीवरच्या सरावात मोजा.

चौथी गोष्ट बोलता बोलता सुटते: आयएमयूला जोर कळत नाही. प्रोब किती दाबला, पिपेटचं (प्रयोगशाळेत द्रव मोजून घेण्याच्या नळीचं) बटण अंगठ्याने किती जोराने ढकललं, स्टेपलर किती आवळला, यातलं काहीही त्याला दिसत नाही. त्यासाठी त्वचेवर लावायचे ईएमजी इलेक्ट्रोड लागतात, जे स्नायूचे विद्युत संकेत पकडतात. ते नीट लावायला जाणकार माणूस हवा, त्वचा स्वच्छ करावी लागते, आणि प्रत्येक व्यक्तीची कमाल ताकद आधी मोजून तिच्या टक्क्यांत आकडा वाचावा लागतो. दोन व्यक्तींचे कच्चे आकडे शेजारी ठेवून तुलना करणं चूक आहे. तुम्ही ईएमजी विकत घेऊ नका. तज्ज्ञाला दोन दिवसांसाठी बोलवा आणि सगळ्यांत जास्त तक्रारी असलेल्या एकाच कामावर लावा.

मोजणी अशी करा. रोज पाळीच्या सुरुवातीला सेन्सर लावून अर्धा मिनिट सरळ उभं राहायचं, ती शून्य स्थिती. मग कामाला लागायचं आणि विसरून जायचं. एक माणूस शेजारी बसून कोणतं काम कधी सुरू झालं आणि कधी संपलं एवढंच लिहून ठेवेल. या वहीशिवाय सेन्सरचा आलेख नुसता नागमोडी रेघ असतो. मी वहीला सेन्सरइतकंच महत्त्व देते.

आलेखात काय पाहायचं? दिवसाची सरासरी जवळपास निरुपयोगी असते, कारण चहाची सुट्टी आणि रिपोर्ट लिहिण्याचा वेळ तिला छान दाखवतात. पाहा की एकेका कामात दंड ३० अंशांच्या पलीकडे सलग किती मिनिटं राहिला आणि मान २० अंशांहून जास्त किती वेळ वाकलेली होती. आणि दोन विसाव्यांमधलं अंतर किती, हे सर्वांत महत्त्वाचं. १९९३ मध्ये आलेल्या रूला या निरीक्षण-पद्धतीतही मानेचा २० अंशांपुढचा वाक वरच्या, म्हणजे जास्त धोक्याच्या, गुणांत मोडतो, त्यामुळे तुमचे आकडे इतरांना समजावणं सोपं जाईल. वारंवार हालचालींच्या कामासाठी स्वीडनमधल्या लुंडच्या संशोधकांनी २०२१ मध्ये वेगाच्या मर्यादा सुचवल्या आहेत: दिवसभरातला मध्यक वेग मनगटासाठी सेकंदाला २० अंश, दंडासाठी सेकंदाला ६० अंश. प्रयोगशाळेत हे दोन आकडे उपयोगी पडतील.

एका ठिकाणी मिळालेलं उदाहरण सांगते, कारण तिथे मला या पद्धतीची किंमत कळली. सगळ्यांना वाटत होतं की खांदे दुखतात ते दिवसभराच्या पोटाच्या तपासण्यांमुळे. नोंदी आणि वही शेजारी ठेवल्यावर दिसलं की टेबलावरच्या तपासण्यांत हात दर दोन-तीन मिनिटांनी सुटतो. सलग ताणाचे जवळजवळ सगळे लांब तुकडे वॉर्डात यंत्र नेऊन केलेल्या तपासण्यांतले होते. तिथे पलंगाचा कठडा वर असायचा, यंत्र चुकीच्या बाजूला आणि स्क्रीन पाठीमागे. सोनोग्राफर कठड्यावरून हात लांबवून, मान वळवून काम करायची. आम्ही कुणालाही नीट बसायला शिकवलं नाही. कठडा खाली करणं आणि पलंग भिंतीपासून ओढणं हे वॉर्डच्या सिस्टरच्या तयारीत घातलं, आणि वॉर्डातल्या तपासण्या एकीच्या वाट्याला सलग येऊ नयेत अशी यादी बदलली. पुन्हा मोजलं तेव्हा लांब तुकडे मोडले होते. हे कुणाच्या शिस्तीवर अवलंबून नव्हतं, म्हणून ते टिकलं.

तुमच्याकडेही बदल बहुधा असेच साधे निघतील. सोनोग्राफीत रुग्णाला टेबलाच्या कडेला आपल्याजवळ सरकवून घ्या, दंड शरीरापासून ३० अंशांच्या आत राहील इतकी खुर्ची वर घ्या, हाताखाली उशी द्या आणि प्रोबची तार मनगटावर लोंबू देऊ नका. लॅप्रोस्कोपीत टेबलाची उंची सर्जनच्या कोपराच्या उंचीच्या ०.७ ते ०.८ पट ठेवावी, म्हणजे साधनांच्या मुठी कोपराच्या पातळीला येतात. मॉनिटर थेट समोर आणि डोळ्यांच्या पातळीच्या थोडा खाली हवा. दोन सर्जनांच्या उंचीत फरक असेल तर टेबल उंच माणसाच्या मापाने लावून बुटक्याला पायाखाली पाट द्या. ज्यांच्या हातमोज्याचं माप ६.५ किंवा त्याहून लहान आहे, त्यांना लॅप्रोस्कोपीच्या साधनांच्या मुठी वापरताना जास्त त्रास होतो हे संशोधनात दिसलं आहे. त्यात बहुसंख्य स्त्रिया असतात. त्यांना सेन्सर लावून फक्त मनगट वाकडं आहे असं सांगणं अन्याय आहे, मूठ बदलून द्या. प्रयोगशाळेत वर्षाला ३०० तासांहून जास्त पिपेटिंग करणाऱ्या तंत्रज्ञांत हात-खांद्याची दुखणी जास्त आढळल्याचं स्वीडनमधल्या १९९४ च्या अभ्यासात दिसलं होतं. तिथे हलक्या बटणाचं इलेक्ट्रॉनिक पिपेट आणि कामाची अदलाबदल हाच मुख्य उपाय आहे.

आता एक्सोस्केलेटन. सर्जन ज्यांच्याबद्दल विचारत असतील ते बहुधा बिनमोटरचे, स्प्रिंगचे हाताधार. जाकिटासारखे घालायचे, दंड वर उचलला की स्प्रिंग त्याचं वजन पेलते आणि कमरेवर उतरवते. ओटोबॉक कंपनीचा पेक्सो शोल्डर हा त्यातला माहितीतला एक, वजन सुमारे १.९ किलो. मोटारींच्या कारखान्यात हात डोक्याच्या वर धरून काम करणाऱ्यांसाठी ही साधनं बनली, आणि त्या कामात खांद्याच्या स्नायूंचा भार ती खरोखर कमी करतात. सर्जनचा दंड मात्र बहुतेक वेळा खांद्याच्या बराच खाली असतो. त्या कोनात आधार कमी मिळतो, आणि हात खाली आणताना स्प्रिंगच्या विरुद्ध जोर लावावा लागतो. गाऊनच्या आत घातलं तर उकाडा होतो आणि गाऊन ताणला जातो. बाहेर घातलं तर निर्जंतुकतेचा प्रश्न येतो. दंड बराच वेळ वर राहतो अशा शस्त्रक्रियांत ते आजमावून पाहण्यासारखं आहे, पण सेन्सरची नोंद हातात आल्यावर. नोंदीत दंड ६० अंशांच्या वर फारसा जातच नसेल तर तो पैसा टेबल-खुर्च्यांवर घाला.

जपानमध्ये सर्जनांसाठीच बनलेली आर्केलिस ही पायांना बांधायची खुर्ची आहे. चालता येईल अशी खुर्ची, या अर्थाच्या जपानी शब्दांवरून तिचं नाव पडलं. ती पाय-कमरेचा थकवा हलका करते. तुमच्या तक्रारी मान-खांद्याच्या असल्याने तिचा इथे उपयोग नाही. मनगटाचे पट्टे कामाच्या वेळी सरसकट वाटू नका. मनगट बांधलं की तीच हालचाल कोपर आणि खांद्यातून होते.

आणि विसावा. सगळी मोजणी त्यासाठीच केली, म्हणून हे सोडू नका. २०१३ मध्ये १६ सर्जनांवर झालेल्या प्रयोगात दर २० मिनिटांनी केवळ २० सेकंद थांबल्याने थकवा आणि हाताच्या अचूकतेतली घट दोन्ही रोखता आली. पुढे अमेरिकेत दर २० ते ४० मिनिटांनी दीड मिनिट, जागेवरच उभं राहून, निर्जंतुकता न मोडता मान-खांद्याचे ताण सोडणारे व्यायाम आजमावले गेले. शस्त्रक्रियेचा वेळ वाढला नाही. यासाठी सर्जनच्या अंगावर काहीही बांधावं लागत नाही. भिंतीवरचं घड्याळ आणि "डॉक्टर, वीस मिनिटं झाली" असं म्हणायचा अधिकार मिळालेली एक सिस्टर पुरते. तो अधिकार मात्र लेखी द्या, नाहीतर ती बोलणार नाही.

नोंदी कुणाच्या, हे खरेदीआधी ठरवा. व्यक्तीच्या नावासह नोंद फक्त त्या व्यक्तीला आणि मोजणाऱ्या थेरपिस्टला दिसावी. विभागप्रमुखाला कामाच्या प्रकारानुसार एकत्र केलेले आकडे मिळावेत. कोण किती वेळ बसलं, कुणाची हालचाल मंद आहे, हे सेन्सरमधून आपोआप कळतं आणि उद्या ते कामाच्या मूल्यमापनात ओढलं जाऊ शकतं. कर्मचाऱ्यांना ही शंका एकदा आली की सेन्सर ड्रॉवरमध्ये जातात. आठ तास सेन्सर लावून घ्यायला नकार देण्याची मोकळीकही हवी, आणि नकाराचं कारण विचारू नये.

उपयोग झाला का, हे थरथरींच्या आकड्यांवरून ठरवू नका. सुरुवातीला, तीन महिन्यांनी आणि वर्षाने सगळ्यांकडून नॉर्डिक प्रश्नावली भरून घ्या. १९८७ पासून वापरात असलेला हा छोटा फॉर्म आहे. शरीराच्या नऊ भागांपैकी कुठे दुखलं आणि त्यामुळे काम अडलं का, एवढंच तो विचारतो. त्याच्या शेजारी आजारपणाच्या रजा ठेवा.

आता तुमची ती सोनोग्राफर. रात्री हात बधिर होऊन जाग येणं आणि हात झटकावा लागणं हे मनगटात नस दाबली जाण्याचं, म्हणजे कार्पल टनेलचं, नेहमीचं लक्षण आहे. तिला सेन्सर लावू नका, मोजणीच्या यादीतही घालू नका. याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवा. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होतं का, बटणं लावायला अडचण येते का, वस्तू हातातून सुटतात का, हे तिने आधी पाहून ठेवावं. अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग दुसऱ्या हातापेक्षा खपाटीला गेलेला वाटला तर एक दिवसही थांबू नये. तोवर रात्री झोपताना मनगट सरळ ठेवणारा पट्टा तिने लावावा. त्या वेळी हात काही काम करत नसतो, म्हणून तेव्हा तो योग्य आहे. आणि वॉर्डातल्या तपासण्या आजपासून तिच्या यादीतून काढा.